तीस अंशांवरची प्रतिकारशक्ती

वांग्याला जिवाणूजन्य मर लागते तेव्हा पान पिवळे पडण्याइतकीही सवड झाडाला मिळत नाही. फुलांवर आलेले हिरवेगार झाड दुपारच्या उन्हात माना टाकते, संध्याकाळी सावरल्यासारखे दिसते आणि काही दिवसांत कायमचे कोलमडते. अशा झाडाचे खोड जमिनीलगत कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभे धरले, तर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधट पांढरी धार पाण्यात उतरू लागते. ती धार म्हणजे खोडाच्या जलवाहिन्यांत दाटलेले असंख्य जिवाणू आणि त्यांनी स्वतःभोवती निर्माण केलेला चिकट शर्करायुक्त पदार्थ. पाणी वर चढण्याची वाटच बुजल्यामुळे मुळाशी ओल असूनही झाड पाण्यावाचून मरते. गोव्यात भात काढल्यावर त्याच वाफ्यांत वायंगणी भाजी करणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, त्याने ते अनेकदा पाहिलेले असते. अर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये या जिवाणूचे वर्णन केले. राल्स्टोनिया सोलॅनासिएरम या नावाने तो जगभर ओळखला जातो, आणि आपल्याकडे आढळणाऱ्या आशियाई शाखेला २०१४ मध्ये राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनासिएरम हे स्वतंत्र नाव मिळाले. माझी संशोधनातील बहुतेक वर्षे या एका जिवाणूला झाड कसे ओळखते आणि ओळखूनही कसे हरते, हे समजून घेण्यात गेली आहेत.

वनस्पतीला प्रतिकारशक्ती असते, ही गोष्ट मला महाविद्यालयात जाईपर्यंत ठाऊक नव्हती. आमच्या घरी डिचोली तालुक्यात कुळागर, म्हणजे पोफळीची बागायत आहे. पोफळीवरचा कोळेरोग टाळण्यासाठी पावसाच्या तोंडावर आणि पुढे पावसाने उघडीप दिली की बोर्डो मिश्रणाची फवारणी होत असे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण मला पाठ होते. मिश्रणात चकचकीत लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांब्याचा थर चढतो का, हे पाहण्याचे काम मुलांकडे असे. थर दिसला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी हे मिश्रण प्रसिद्ध केले, हे मला फार नंतर कळले. त्या सगळ्या व्यवहारात झाड ही बाहेरून राखण्याची वस्तू होती. झाड स्वतः काही करत असेल, असा विचार कोणाच्या बोलण्यात आलेला मला आठवत नाही.

तो विचार प्रथम आला तो गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर एम.एस्सी. करताना. तेथील वनस्पतिशास्त्र विभागात मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. जांभ्या दगडाच्या पठारावरील झुडपांची बारीक मुळे खणून आणायची, ती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात तापवून पारदर्शक करायची, आम्लाने धुवायची आणि ट्रिपॅन ब्लू या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, असा आमचा नित्यक्रम होता. मुळाच्या पेशीच्या आत निळ्या रंगात फांद्याफांद्यांनी पसरलेली बुरशी दिसे आणि ती पेशी मात्र जिवंत, निरोगी असे. बुरशी जमिनीतील स्फुरद झाडाला पुरवते आणि त्याच्या बदल्यात झाड तिला अन्न देते, एवढे पुस्तकात होते. मला प्रश्न पडला तो वेगळा होता. कोळेरोगाचा जंतू पोफळीत शिरतो तेव्हा फळ कुजते आणि ही बुरशी मुळात शिरते तेव्हा झाड जोमाने वाढते, मग दोघांना आत येताना झाड ओळखते तरी कसे? आणि ओळखत असेल तर कशावरून? हा प्रश्न मी सरांना विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कायटिनविषयीचे काही शोधनिबंध वाचायला दिले. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, मित्र बुरशीत असते तसे शत्रू बुरशीतही असते, आणि वनस्पतीच्या पेशीवर त्याचे तुकडे ओळखणारी ग्राहक प्रथिने असतात. भाताच्या मुळात सीईआरके१ नावाचे एकच ग्राहक प्रथिन रोगकारक बुरशीविरुद्धच्या प्रतिकारात आणि मायकोरायझाला आत घेण्यात, अशा दोन्ही कामांत भाग घेते, हे पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तो निबंध वाचताना झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही, कारण माझ्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे होते.

नेट परीक्षा, मुलाखती आणि पाठ्यवृत्तीची प्रतीक्षा यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाचा अनुभव साधारण सारखाच असतो. पीएच.डी.साठी मी गोव्याबाहेर गेले आणि बुरशी सोडून जिवाणूंकडे वळले, कारण त्या काळात या विषयातील सर्वांत स्पष्ट प्रयोग जिवाणूंवर होत होते. हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्यावरील तांबेरा यांच्या संकरांवरून दाखवले होते की यजमानाच्या प्रतिकाराच्या एकेका जनुकाला रोगकारकातील एकेक जनुक जोडीला असते. ती जनुके नेमकी काय करतात हे कळायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९५ मध्ये रानटी भातातून आलेले एक्सए२१ हे भातावरील जिवाणूजन्य करप्याचा प्रतिकार करणारे जनुक वेगळे काढण्यात आले. १९९९ मध्ये जिवाणूच्या शेपटीसारख्या कशाभिकेच्या प्रथिनातील अवघ्या २२ अमिनो आम्लांचा तुकडा झाडाला सावध करण्यास पुरेसा असतो असे सिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी तो तुकडा ओळखणारे एफएलएस२ हे ग्राहक प्रथिन अ‍ॅराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीत सापडले.

हा प्रतिसाद डोळ्यांसमोर मोजता येतो आणि माझ्या पीएच.डी.चा मोठा भाग त्या मोजणीत गेला. पानातून चार मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कापून प्लेटच्या खळग्यांत पाण्यावर रात्रभर तरंगत ठेवायच्या, कारण कापण्याच्या जखमेने उठलेली खळबळ आधी शमावी लागते. दुसऱ्या दिवशी पाणी काढून त्या जागी ल्युमिनॉल, मुळ्याच्या कुळातल्या हॉर्सरॅडिशचे पेरॉक्सिडेज आणि त्या २२ अमिनो आम्लांचा तुकडा यांचे द्रावण घालायचे आणि प्लेट लगेच यंत्रात ठेवायची. पेशी ऑक्सिजनची तीव्र क्रियाशील रूपे बाहेर सोडू लागतात, त्यांच्यामुळे ल्युमिनॉल अत्यंत मंद प्रकाश देतो आणि यंत्र तो प्रकाश मोजते. काही मिनिटांत आलेख वर चढू लागतो, दहा ते पंधरा मिनिटांच्या सुमारास शिखर गाठतो आणि अर्ध्यापाऊण तासात खाली येतो. एका पानाच्या चिमुकल्या तुकड्याने परका जिवाणू ओळखला आहे, हे इतक्या थोड्या वेळात दिसते. जिवाणू तेथे नसतोच, त्याची फक्त खूण असते. आजही नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की मी त्याला प्रथम हाच प्रयोग करायला सांगते.

पण माझ्या मरीच्या जिवाणूबाबत हा आलेख सपाट येई. राल्स्टोनियाच्या कशाभिकेतील त्या २२ अमिनो आम्लांच्या जागी असे बदल झालेले आहेत की अ‍ॅराबिडोप्सिसला ती ओळखता येत नाहीत आणि टोमॅटोलाही येत नाहीत. याउलट त्याच्या शीतआघात प्रथिनाचा एक तुकडा टोमॅटोला ओळखता येतो. म्हणजे हा जिवाणू झाडाच्या पहाऱ्यातून काही ठिकाणी निसटतो आणि काही ठिकाणी पकडला जातो. पकडला गेला तरी तो हतबल होत नाही, कारण सुईसारख्या एका रचनेतून तो आपली प्रभावक प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतो आणि तेथील प्रतिकाराची यंत्रणा मोडतो. जिवाणूच्या एकेका वाणात अशी कित्येक प्रथिने असतात. झाडाकडे त्यावरही एक उत्तर आहे. पेशीच्या आत दुसऱ्या प्रकारची ग्राहक प्रथिने असतात, जी या प्रभावकांची करणी ओळखतात आणि त्यानंतर पुष्कळदा बाधित पेशी स्वतःहून मरून संसर्ग तेथेच रोखतात. या दोन स्तरांची सांगड घालणारा आराखडा जोन्स आणि डँगल यांनी २००६ मध्ये मांडला. २०२१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की हे दोन स्तर वेगळे राहत नाहीत, एकाच्या आधारावाचून दुसरा पूर्ण ताकदीने चालत नाही.

पीएच.डी.नंतर युरोपातील एका प्रयोगशाळेत काही वर्षे काम करण्याची संधी मिळाली आणि तेथे या दुसऱ्या स्तराशी माझा जवळून परिचय झाला. राल्स्टोनियाचे पॉपपी२ हे प्रभावक झाडाच्या डब्ल्यूआरकेवाय कुळातील प्रथिनांवर एक रासायनिक गट चिकटवते आणि त्यामुळे ती प्रथिने डीएनएला धरू शकत नाहीत. ही प्रथिने प्रतिकाराची जनुके चालू करणारी असल्याने जिवाणूचा नेम अचूक म्हटला पाहिजे. परंतु अ‍ॅराबिडोप्सिसच्या आरआरएस१ या ग्राहक प्रथिनाने आपल्याच अंगावर डब्ल्यूआरकेवायचा एक भाग बाळगलेला असतो. जिवाणू त्यालाही खरे लक्ष्य समजून रासायनिक गट चिकटवतो आणि त्या क्षणी आरआरएस१ आपल्या आरपीएस४ या जोडीदारासह संरक्षण जागे करते. ही यंत्रणा २०१५ मध्ये दोन शोधनिबंधांतून एकाच वेळी उलगडली. उत्क्रांतीने घडवलेली इतकी चतुर रचना मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे वाक्य मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

त्या प्रयोगशाळेतील वाढकक्षांचे तापमान २२ अंश सेल्सिअसवर राखलेले असे. ही साधी बाब आहे, परंतु माझ्या पुढच्या कामाची दिशा तिनेच ठरवली. अ‍ॅराबिडोप्सिस हे समशीतोष्ण प्रदेशातील रोप, त्यामुळे जगभर ते याच तापमानाच्या आसपास वाढवले जाते आणि वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीविषयीचे आपले बहुतेक ज्ञान त्या तापमानावर मिळवलेले आहे. तंबाखूतील विषाणूरोधक एन जनुक २८ अंशांच्या वर निष्प्रभ होते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आरआरएस१ आणि आरपीएस४ यांनी राल्स्टोनियाला दिलेला प्रतिकारही तापमान ३० अंशांवर नेल्यास कोलमडतो. सॅलिसिलिक आम्ल हा झाडातील संरक्षणाचा एक मुख्य संदेशवाहक, आणि उष्ण हवेत त्याची निर्मितीच मंदावते. सीबीपी६०जी या एका प्रथिनाचे जनुक उष्णतेत पुरेसे चालू राहत नाही हे त्याचे कारण असल्याचे २०२२ मध्ये दाखवण्यात आले. राल्स्टोनियाची आवड मात्र नेमकी उलटी आहे. त्याला ऊब आणि ओल हवी असते, आणि गोव्यात या दोन्ही गोष्टींचा तुटवडा कधीच नसतो.

परत येण्याचा निर्णय मी या कारणाने घेतला. घरची ओढ होती, ती नाकारत नाही, पण केवळ ओढीने मी आले नसते. जेथे रोग आहे तेथील तापमानात, तेथील मातीत आणि तेथील वांग्यावर हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे, असे मला मनापासून वाटत होते. पहिल्या प्रकल्पाचा प्रस्ताव परत आला तेव्हा त्यावर शेरा होता की मर रोगाविषयी पुरेसे काम झालेले आहे. पुढचा प्रस्ताव मंजूर झाला, पण यंत्रे येईपर्यंत बराच काळ गेला, आणि पावसाळ्यात वीज गेली की शीतपेटीतील नमुन्यांच्या चिंतेने झोप लागत नसे. या काळात मला आधार झाला तो एका जुन्या पद्धतीचा. राल्स्टोनियाचे वाण निर्जंतुक केलेल्या साध्या पाण्यात खोलीच्या तापमानाला दीर्घकाळ टिकतात. शेतातून आणलेल्या खोडातील धार पाण्यात घ्यायची, केलमन यांनी १९५४ मध्ये सुचवलेल्या टेट्राझोलियमयुक्त माध्यमावर पसरायची, आणि मधोमध गुलाबी छटा असलेल्या पांढऱ्या, ओघळत्या वसाहती निवडून पाण्याच्या बाटल्यांत ठेवायच्या. गडद लाल, कोरड्या, लहान वसाहती टाकून द्यायच्या, कारण त्यांची रोग निर्माण करण्याची क्षमता गेलेली असते. अशा रीतीने डिचोली, सत्तरी, पेडणे आणि तिसवाडी येथील वाणांचा संग्रह उभा राहिला आणि त्याला महागड्या यंत्राची गरज पडली नाही.

युरोपात ज्या वांग्याच्या वाणांनी उत्तम प्रतिकार दाखवला होता, ते मी येथे नेटहाउसमध्ये लावले. मार्चमध्ये दुपारी आतले तापमान ३५ अंशांच्या वर जाई. त्यांतील काही वाण टिकले, काही देशी वाणांइतक्याच वेगाने माना टाकू लागले, आणि जे टिकले त्यांच्याही खोडात जिवाणू सापडले. बाहेरून निरोगी दिसणारे झाड आत जिवाणू बाळगून असू शकते, ही या रोगातील मोठी अडचण आहे. एके दिवशी मये गावच्या एका वयस्क शेतकऱ्यांना मी हे निरोगी दिसणारे झाड कापून पेल्यातील धार दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाय, म्हणजे हे झाड आजारी नाही, पण दुसऱ्याला आजारी करील." सुप्त संसर्ग म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना इतक्या थोडक्यात कधी सांगू शकले नव्हते. त्यांच्या वाफ्यांतून पाटाचे पाणी खालच्या वाफ्यांत जात असे आणि मर त्याच क्रमाने खाली सरकत असे, हे निरीक्षणही त्यांचेच होते.

प्रतिकाराचे जनुक एका वनस्पतीतून दुसऱ्या वनस्पतीत घालण्याचा मार्ग आहे आणि तो चालतोही. जिवाणूचे ईएफ-टीयू हे प्रथिन ओळखणारे ईएफआर ग्राहक प्रथिन फक्त मोहरीच्या कुळात आढळते. २०१० मध्ये ते टोमॅटोत घातल्यावर टोमॅटोला राल्स्टोनियाविरुद्ध चांगले बळ मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती देण्यात आली आणि ती अजून उठलेली नाही. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले आहे. माझे मत असे की ईएफआरसारखे काम प्रयोगशाळेत चालू राहिले पाहिजे, परंतु मयेच्या त्या काकांना पुढच्या हंगामात काय लावायचे हे सांगताना मी त्याचा आधार घेऊ शकत नाही. भाताबाबत पारंपरिक संकर आणि जनुकीय खुणा यांच्या साह्याने एक्सए२१सह तीन जनुके सांबा महसुरीत एकत्र आणली गेली आणि तो सुधारित वाण २००८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. वांग्यातील मरीचा प्रतिकार वाणागणिक आणि जिवाणूच्या शाखेगणिक बदलत असल्याने ते काम अधिक अवघड आहे, पण अशक्य नाही.

तोवर कलमाचा मार्ग उपलब्ध आहे. सोलॅनम टॉर्व्हम हे रानवांगे मरीला चांगले तोंड देते. त्याच्या खुंटावर आपले गावठी वांगे बांधले की मूळ रानवांग्याचे आणि फळ आपल्या ओळखीचे राहते. खाणाऱ्याला चव बदललेली चालत नाही, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी वांग्याचे खुंट सुचवले ते याच तत्त्वावर. प्रत्यक्षात हे काम चिकाटीचे आहे. रानवांग्याचे बी उशिरा आणि असमान रुजते, म्हणून ते गावठी वांग्याच्या बरेच आधी पेरावे लागते, नाहीतर दोन्ही खोडांची जाडी जुळत नाही. खुंटाला पाचर घेऊन कलमकाडी बसवायची, क्लिप लावायची आणि रोपे काही दिवस दमट, सावलीच्या जागी ठेवून हळूहळू उन्हाला सरावायची. ज्या महिला बचत गटाने हे काम आमच्याकडून शिकून घेतले, त्यांच्या हातची कलमे आज माझ्या विद्यार्थ्यांच्या कलमांपेक्षा जास्त जगतात.

माझा सध्याचा प्रश्न मात्र पुन्हा मुळाशी आणि मुळातील मित्रांशी येऊन पोहोचला आहे. जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वांग्याच्या ऊतींत राहणाऱ्या आणि मरीच्या जिवाणूला रोखणाऱ्या स्यूडोमोनास गटातील जिवाणूंवर पूर्वीच काम झालेले आहे. मुळांवरचे असे काही जिवाणू झाडाला आतून सावध करतात हे १९९१ पासून माहीत आहे आणि ही सावधता मुख्यतः जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन या दुसऱ्या संदेशवाहकांच्या मार्गाने जाते, सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाने नव्हे. उष्णतेत दुबळा पडतो तो सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग. मग मुळांतील मित्रांनी जागवलेला प्रतिकार गोव्याच्या मार्चमध्ये अधिक टिकेल का? यंदा आम्ही गावठी वांगे आणि टॉर्व्हमवरील कलमे, अशी दोन्ही रोपे या जिवाणूंसह आणि त्यांच्याविना, २२ अंशांच्या कक्षात, ३२ अंशांच्या कक्षात आणि मयेच्या त्याच वाफ्यांत लावली आहेत. पाटाच्या पाण्याने जिवाणू एका वाफ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक वाफ्याला वेगळे पाणी देण्याची व्यवस्था काकांनी करून दिली आहे. खोडांचे नमुने फुलोऱ्याच्या वेळी घ्यायचे आहेत, वरून निरोगी दिसणाऱ्या झाडांचेही.